दुसऱ्यांच्या खिडक्या

४ एप्रिल

लागली एकदाची नोकरी! पडद्यांच्या दुकानात. लोकांच्या घरी जायचं, खिडक्या मोजायच्या, मापं आणून मास्तरांना द्यायची. ते कापतात, शिवतात. ताईनं परस्पर ठरवून टाकलं. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतेस, त्यापेक्षा खिडक्यांकडे बघ," म्हणाली. स्वतःच्याच विनोदावर खूश. भावजी पेपरामागे हसले.

मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. तेही बहुतेक कंटाळलं.

ताईच्या इस्त्रीच्या खोलीत झोपते आहे. तात्पुरतं. त्यानं तसंच म्हटलं होतं ना — "मला जरा मोकळा वेळ दे. मीच फोन करीन, मग ये घरी." नवऱ्यानं असं म्हटल्यावर बायकोनं काय म्हणायचं असतं? मी म्हटलं, घे. शहाणीच मी!

५ एप्रिल

फोन नाही.

११ एप्रिल

ऊन नुसतं भाजून काढतंय. मालकीणबाई कडक आहेत, पण शिकवतात नीट. खिडकी तीन ठिकाणी मोजायची — वर, मध्ये, खाली. "कुठलीच खिडकी सरळ नसते, माणसासारखीच." आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा, मगच लिहायचा. मनातल्या मनात म्हटला की घोटाळा होतो, म्हणे. त्यामुळे मी परक्यांच्या घरात आकडे ओरडत फिरते. खुळी दिसत असणार.

आज एक जोडपं रंगावरून भांडत होतं. तिला फिकट हवा, त्याला गडद. "तुला काय कळतंय?" "तुलाच सगळं कळतं!" इतकं गोड भांडण! जिन्यात येऊन ढसाढसा रडले. रुमाल विसरले होते. टेपनं नाक पुसता येत नाही.

१९ एप्रिल

फोन वाजला. अशी धावले की स्टूल आडवं, मीही आडवी. दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. नवं घर, सगळ्या खोल्यांचे पडदे हवेत. उद्या माप घ्यायला जायचंय. गुडघा सुजलाय.

ताई म्हणाली, "वाट बघून बघून डोळ्यांच्या खाचा होतील एक दिवस." होऊ देत. तेवढंच तिचं तोंड दिसणार नाही.

३ मे

गेली अब्रू.

डॉक्टरीणबाईंकडे पडदे लावले. हॉलचे खिडकीच्या अर्ध्यातच संपले. झोपायच्या खोलीतले जमिनीवर लोळायला लागले. स्वयंपाकघरातल्याबद्दल तर बोलायलाच नको — रुमाल टांगल्यासारखा दिसत होता. डॉक्टरीणबाई चिडल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "अहो, या माझ्या खिडक्या नाहीत. कुणाच्या आणल्यात?" मालकीणबाईंनी माफी मागितली. मला फक्त "घरी जा आज" म्हणाल्या. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन कॉटवर पडले आणि एकदम कळलं. हॉलची बुटकी, रुंद खिडकी. झोपायच्या खोलीतली उंचच उंच. ओट्यावरची इवलीशी. ती आमच्या घराची मापं होती! लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मीच शिवले होते ते पडदे, हातानं, सगळी बोटं टोचून घेत. टेप डॉक्टरीणबाईंच्या खिडकीवर, आणि मी उभी आमच्या हॉलमध्ये. आकडे मनातच म्हटले असणार.

हे कुणाला सांगू? वेड्यांच्या डॉक्टरला?

५ मे

मास्तरांनी स्वतःहूनच विचारलं. "मापं भलतीच होती, पण घर खरं वाटतंय. कुणाचं?"

"माझं."

"आहे की होतं?"

त्यांनी उसवायचं हत्यार हातात दिलं. "बसा." डॉक्टरीणबाईंचे नवे ते शिवणार, हे सगळे मी उसवायचे. मालकीणबाईंनी दिलेली शिक्षा. योग्यच आहे. टीप अशी घट्ट घालतात मास्तर की सुटता सुटत नाही.

६ मे

उसवणं. फोन नाही.

१७ मे

सुट्टी. पडून होते. ताईनं दार वाजवलं, "अगं उठ, ऊन डोक्यावर आलं." उठून काय करू? ऊन उतरवू?

खरं लिहायचं तर — मला तो हवा आहे. बास. मान-अपमान गेला खड्ड्यात. आत्ता बोलावलं तर अनवाणी जाईन. आणि तो बोलावणार नाही, हे आज पहिल्यांदा नक्की वाटलं. असंच राहणार का आता, या इस्त्रीच्या खोलीत, म्हातारी होईपर्यंत?

२९ मे

आला! फोन आला!!

"काय मग, कशी आहेस?" — जसं काही सकाळीच भेटलो होतो. म्हणाला, "झालं गेलं सोडून दे. घराची पार दशा झालीय. रविवारी दुपारी न्यायला येतो." मी दुकानाच्या मागच्या दारात उभी. न राहवून त्याला सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई, खिडक्या, आपल्याच घराची मापं कशी लिहिली गेली ते. म्हटलं आता हसेल. वेडी म्हणेल. निदान गप्प तरी होईल.

तो म्हणाला, "आपल्याकडे पडदे होते?"

मग म्हणाला, "बरं, तयार राहा."

ताईला सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. ताई नुसतं बरं म्हणते म्हणजे फारच वाईट. बॅग भरली. आनंद व्हायला हवा — याच्यासाठीच तर जीव टाकत होते ना? बॅगेवर बसून रडले. होते! सात वर्षं होते! रोज सकाळी तूच तर सरकवायचास!

१ जून, रविवार

तो आला. वर नाही. खालूनच हॉर्न. आम्ही जेवायला बसलो होतो. परत हॉर्न, लांबलचक. भावजी म्हणाले, "कोण आहे बघा जरा."

म्हटलं, "चुकून आलंय कुणीतरी. ताई, वाढ अजून."