करंजवाडीची वाट आणि माझी फोर-व्हील ड्राइव्ह

२६ मे १९७४, रविवार
गाडी आली. मिलिटरीच्या लिलावातून निघालेला एक टनी ट्रक. हिरवा. फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. साध्या गाडीला फक्त मागच्या दोन. मधे एकच मालक झाला, निपाणीकडचा एक तंबाखूवाला. का विकतोस, असं त्याला विचारलं नाही. विचारलं की माणूस विचार करायला लागतो आणि विकायचा थांबतो.
मंगळवार पेठेत अशी गाडी कुणाकडे नाही. विमा एजंटाकडे तर अख्ख्या जिल्ह्यात नसेल. पावसाळ्यात आजरा-चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवर एजंट फिरकत नाहीत. यंदा ती सगळी गिऱ्हाइकं माझी.
शालू दारातून बघून आत गेली. एवढंच म्हणाली, गल्लीत वळणार कशी?
वळली नाही. रोज रिव्हर्सने बाहेर काढायची. रिव्हर्सची प्रॅक्टिस हवीच होती.

२८ मे
शालूच्या आईचा मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यांत. सगळे त्यांना आक्का म्हणतात. चंदगड तालुक्यात करंजवाडीला एकट्याच राहतात, एक म्हैस आणि थोडं भात. इथल्या, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला २४ जून ही तारीख दिली आहे. त्यानंतर ते परदेशी जाणार, दिवाळीपर्यंत येणार नाहीत.
शालू म्हणाली, ह्याच आठवड्यात एस.टी.नं जाऊन घेऊन येते. पाऊस लागला की फाट्यापासून वर वाट राहत नाही, चिखलात चालताना आईला दिसायचं नाही.
मी सांगितलं, घाई नको. २० जूनला भर पावसात जाऊन दारातून उचलून आणतो. उन्हाळ्यात काय, कुणीही जाईल. गाडी घेतली कशाला?
शालूने भाजी चिरायला घेतली. पटलं असावं.

२ जून, रविवार
नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, ट्रायल. मुद्दाम पाणी साचलेली जागा निवडली. फोर-व्हीलचा दांडा ओढला, गाडी आत घातली.
रुतली. मागची चाकं गरगर फिरली, शर्टाची पाठ चिखलाने भरली. (माझ्या नव्हे. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाच्या. ते बरंच काही बोलले.) ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.
निष्कर्ष: गिअरबॉक्समधलं ऑइल जुनं. उद्या बदलणे.

४ जून
ऑइल बदललं. फरक नाही. महंमद मिस्त्रीकडे नेली. महंमद साधं बोलला तरी शेजारच्या दुकानातली माणसं भांडण बघायला बाहेर येतात. तो गाडीखाली गेला आणि तिथून ओरडला, दांडाच गंजलाय सायेब, तुमी वर वढताय पर खाली कायबी हलत न्हाय. तेलात खोट हाय म्हून कुणी सांगितलं तुमास्नी?
कुणी सांगितलं नव्हतं, माझं मत होतं. पण खाली पडलेल्या माणसाशी वाद घालणं बरं दिसत नाही.

८ जून
दांडा मोकळा झाला. आता खटकन बसतो. महंमदने मला गाडी हळूहळू चालवायला लावली आणि स्वतः बाजूने वाकून, जवळजवळ रांगत खाली बघत आला. पुढच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट फिरतोय म्हणाला. म्हंजे बॉक्स झ्याक हाय. आता म्होरली चाकं खोलून बघाय पायजेत, पर भाचीचं लगीन हाय, ते झाल्याबिगर हात लावनार न्हाय.
खोलायची गरज नाही असं मी म्हणालो. शाफ्ट फिरतो म्हणजे चाक फिरणारच. लॉजिक आहे.
त्यावर त्याने एक टेस्ट सांगितली. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून गाडी गरकन वळवा. चारी चाकं जोडलेली असली की वळताना गाडी जड जाती, अडखळती. न्हाय गेली तर माज्याकडं या.

९ जून, रविवार
टेस्ट घेतली. लोण्यासारखी वळली. एका हाताने. जड जाणं नाही, अडखळणं नाही.
लोकांच्या गाड्या जड जात असतील. हे मिलिटरीचं काम आहे. महंमदकडे गेलो नाही. लग्नघरी त्रास कशाला.

१३ जून
पुन्हा मळीत गेलो. पुन्हा रुतली. नीट विचार केला. बॉक्स चांगला, शाफ्ट चांगला, वळण उत्कृष्ट. उरले टायर. पुढचे गुळगुळीत आहेत. मागचे पुढे, पुढचे मागे केले. दिवसभर लागला, अंगठा चेंगरला.
संकल्प: रोज सकाळी गाडी चालवून हात बसवणे. चिखलात माणूस बिचकतो आणि ॲक्सिलेटर सोडतो. दोष गाडीचा नाही, धैर्याचा असू शकतो.

१४ जून
अंगठा दुखतो. गाडी चालवली नाही.

१६ जून, रविवार
वर्तमानपत्रात चंदगडकडे जोराचा पाऊस. शालू म्हणाली, अजून वाट पायाखाली दिसत असेल, मी उद्या जाते. मी नको म्हणालो. आक्कांना निरोप गेला आहे, जावई गाडी घेऊन येणार म्हणून. सगळ्या वाडीला माहीत झालंय. आता सासूला एस.टी.नं आणली तर तोंड काय दाखवायचं?
शालू म्हणाली, तोंडाचं जाऊ द्या, डोळ्यांचं बघा.
संध्याकाळपासून बोललेली नाही.

२० जून, गुरुवार
निघालो. शालूने डबा दिला, एक घोंगडं दिलं, बोलली नाही. मी म्हणालो, उद्या रात्री जेवायला आम्ही दोघं. तिने मान हलवली. कुठल्या बाजूला ते गल्लीतून रिव्हर्स घेताना कळलं नाही.
आजऱ्यापर्यंत गाडी उत्तम. पुढे पाऊस. टपावरून गळतं, नेमकं ड्रायव्हरच्या मानेवर. मिलिटरीवाले सोसत असतील. मीही सोसलं.
करंजवाडी फाटा दुपारी. वाट वर जाते, लाल चिखल, मधे ओढा. खांद्यावर नांगर घेतलेला एक माणूस भेटला, केरबा नावाचा, आक्कांचा शेजारी निघाला. ओळख सांगायच्या आधी म्हणाला, पावणं, ह्या वाटनं कुटं निगालासा?
वर, म्हणालो. फोर-व्हील ड्राइव्ह आहे.
बरं, म्हणाला. नांगर खाली ठेवला आणि बांधावर बघत बसला.
ओढ्याच्या अलीकडेच रुतली. फाटा इथून दिसतो.

२१ जून
सकाळपासून प्रयत्न. चाकाखाली दगड घातले, फांद्या घातल्या, घोंगडं घातलं. घोंगडं मागे उडालं, ओढ्यात गेलं. क्लचमधून जळका वास येतो.
दुपारी आक्का स्वतः खाली आल्या. डोक्यावर इरलं, एका हातात काठी, दुसरा हात केरबाच्या खांद्यावर, कमरेला भाकरीचं गठुडं. ती सगळी उतरण न दिसणाऱ्या डोळ्यांनी उतरून आल्या. जावई उपाशी असेल म्हणून. मला बरं वाटलं नाही, पण भाकरी खाल्ली.
जवळ येऊन म्हणाल्या, हिरवं दिसतंय ती गाडी का झाड?
गाडी, म्हणालो. आणि त्यांच्यासमोर शेवटचा जोर लावला. आक्का पुढच्या चाकाशेजारी पत्र्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मग चाचपत मागे गेल्या, परत पुढे आल्या. म्हणाल्या, जावयबापू, मागलं चाक थरथरतंय. म्होरलं निजलंय की.
मी त्यांना फोर-व्हील ड्राइव्हचं तत्त्व समजावलं. शाफ्ट, बॉक्स, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग केरबाला विचारलं, फाटा किती लांब ऱ्हायला रं? केरबा म्हणाला, ह्यो काय हितंच. कोल्लापूरची यष्टी यायची वेळ झालीच.
आक्का म्हणाल्या, मग मी जाते की. आर्ध्याच्या वर तर आलेच हाय. आता परत चढून गाडीसाटनं वाट बघत बसायची, त्यापरास उतरून जाते.
मी म्हणालो, असं कसं, मी न्यायला आलोय.
आलासा न्हवं? म्हणाल्या. तुमच्यामुळंच उतरले, न्हाईतर मला कोन उतरवतंय. आता तुमी गाडी बगा. आनि तेवडं म्हशीला वैरनपानी करा, केरबा मळ्यातनं अंधार पडल्याबिगर येत न्हाय.
आणि गेल्या. केरबा एस.टी.त बसवून परत आला. म्हणाला, जागा मिळाली म्हातारीला, खिडकीजवळ.

२२ जून
केरबाने रेड्यांची जोडी आणली. गाडी निघाली. मी म्हणालो, फाट्याकडे ओढ. तो म्हणाला, रेडं घराकडंच वढत्यात, उलटं जात न्हाईत.
संध्याकाळी गाडी आक्कांच्या दारात उभी राहिली. ठरल्याप्रमाणे, भर पावसात, थेट दारात. मोहीम अर्धी यशस्वी म्हणायला हरकत नाही. आक्का तेवढ्या कोल्हापुरात आहेत.

२४ जून, सोमवार
आज ऑपरेशन. मी करंजवाडीत. क्लच पूर्ण गेला, गाडी जागची हलत नाही. तिला इथे एकटी टाकून जाणं योग्य नाही. शिवाय म्हैस.
म्हैस दूध देत नाही. जवळ गेलो की लाथ मारते. केरबा म्हणाला, तिला आक्काचा वास लागतोय, आक्काचं लुगडं पांघरून बसा. मी स्पष्ट नकार दिला.

२५ जून
म्हशीची कास तटतटली. लुगडं पांघरलं. दूध दिलं.
वाडीतल्या बायका बांधावरून बघत होत्या. मी त्यांना विम्याबद्दल विचारणार होतो. आज नको.

२७ जून
फाट्यावर थांबणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडून शालूचा निरोप आला, तिच्याच शब्दांत. ऑपरेशन झालं, आई बरी आहे, डोळ्यावर पट्टी आहे. डॉक्टर विचारत होते, घरातलं पुरुषमाणूस कुठे आहे. मी सांगितलं, म्हशीपाशी आहेत.
एवढाच निरोप. कंडक्टरने तो सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा सांगितला.
ती एकटी दवाखान्याच्या बाकावर बसली असेल. आज दिवसभर काही सुचलं नाही. संकल्पही केला नाही.

२८ जून
पाऊस उघडला. म्हटलं, आता शेवटपर्यंत बघायचंच. पुढच्या चाकाची मधली टोपी बोल्ट काढून उघडली. आतून चाकाला फिरवणारा जाड लोखंडी दांडा असतो. तो दिसेना. हात घातला. गोणपाटाचा एक बोळा निघाला, तेलाने काळा झालेला. बोळ्याच्या मागे काही नाही. दुसऱ्या बाजूचं चाक उघडलं. तिथेही बोळा.
म्हणजे ताकद शाफ्टपर्यंत येते. पुढे चाकाला द्यायला आत काहीच नाही. पुढची चाकं हातगाडीच्या चाकांसारखी नुसती मागच्यांबरोबर येतात.
दोन्ही बोळे ओट्यावर मांडून ठेवले. केरबा आला, बोळा हातात घेऊन बघितला, म्हणाला, ह्यो घट्ट बसवला हुता मातर.

३ जुलै
महंमदला निरोप पाठवला होता. उत्तर आलं. पेट्रोल महागल्यापासून कितीतरी लोक ते दांडे काढून टाकतात, पुढची यंत्रं फुकट फिरायला नकोत म्हणून. तंबाखूवाल्यानं तेच केलं असणार. आणि विचारलंय, वळवून बघितलं हुतं का न्हाय? लोण्यावानी वळली असंल, तवाच कळाय पायजे हुतं. पाऊस संपल्याशिवाय तो येणार नाही.
 अजून टेस्ट घेतली नाही असं कळवलं.

१९ जुलै
भाताची लावणी. केरबाच्या बायकोने मलाही चिखलात उतरवलं, आक्काचं रान मोकळं ऱ्हायलं तर ती मला काय म्हनंल म्हणून. गुडघाभर चिखल. एक लक्षात आलं, माणूस रुतत नाही. पाय एक एक करून काढता येतो.
कंबर धरली. विम्याची एकही पॉलिसी नाही.

११ ऑगस्ट, रविवार
आक्का आल्या. शालू बरोबर. एस.टी.नं फाट्यापर्यंत, तिथून चालत. आक्कांना जाड भिंगाचा चष्मा लागलाय. ओढा त्यांनी स्वतः बघून ओलांडला, शालूचा हात न धरता.
आधी म्हशीपाशी गेल्या. मग रानाकडे बघून आल्या. लावण चांगली झालीया म्हणाल्या, एक वळ वाकडी हाय, ती तुमची का? माझीच होती. मग गाडीभोवती एक फेरी मारली. ही व्हय, म्हणाल्या.
शालू माझ्याकडे बघत होती. वाळलात, म्हणाली. ह्या दोन महिन्यांत माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द. मी म्हणालो, गाडीत फक्त दोन दांड्यांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, घरी चला. उद्याच.
आक्कांनी विचारलं, गाडी हितंच ऱ्हानार तर मागं कोंबड्या ठेवू का? पावसात भिजत्यात बिचाऱ्या.
विचार करून तात्पुरती परवानगी दिली.

१२ ऑगस्ट
आक्कांनी दोघांना भाकरी बांधून दिली. फाट्यापर्यंत चालत आलो. शालूला एस.टी.त बसायला जागा मिळाली, मी ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभा. आजऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर सगळा चिखल होता, दोन्ही बाजूंनी पाणी. गाडी सरळ पार झाली. मी ड्रायव्हरला विचारलं, ह्या गाडीला ताकद किती चाकांना?
तो म्हणाला, मागच्या.