मास्तरीण नावाचं खेचर आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, चढावरच्या वस्तीला खेचरावरून सामान पोचवणारी बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणी माझा हात धरलेला नसताना लिहीत आहे. पोटातली गाठ काढायला मला उद्या नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मी वकिलांना बोलावून घेतलं.

१. दोन खोल्या आणि मागचा तबेला धाकट्या भावाला. अट एकच. मास्तरीण जिवंत आहे तोवर तबेला तिचा. तिला वीटभट्टीवर विकली, तर घर तिला नाल ठोकणाऱ्या नालबंदाला जाईल. भट्टीवाला परवा येऊन तिचे दात पाहून गेला. मी खिडकीतून बघत होते.
"ताई, नुसतं बघतोय गं तो," भाऊ म्हणाला.
दात बघणारा माणूस नुसतं बघत नसतो.

२. मास्तरीण माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, जिला तिच्या प्रश्नांपायी घरात भुणभुण म्हणतात. ती सज्ञान होईपर्यंत देखभाल नालबंद करील. वकील म्हणतात, खेचर ही जंगम, म्हणजे हलणारी मालमत्ता. त्यांनी मास्तरणीला वळणावर उभी राहिलेली पाहिलेलं नाही.

भुणभुण, आता नीट ऐक. तू जनावरांवर जीव टाकतेस, पण रोज चारा टाकणं हे वेगळं काम आहे. खेचराचा बाप गाढव, आई घोडी. कान बापाचे, उंची आईची, आणि आवाज असा की दोघांनीही नाकारावा. खेचराला पिल्लं होत नाहीत. मलाही मूल नाही, म्हणून तुझ्या आजीने आम्हा दोघींना एकाच वाक्यात बसवलं होतं, पाहुण्यांसमोर. ते मी विसरलेले नाही, हेही इथे नोंदवते.

खेचर हट्टी असतं असं लोक म्हणतात. घोडा घाबरला की पळतो. खेचर थांबतं आणि विचार करतं. विचार करणारीला हट्टी म्हणायची पद्धत तुला पुढे कळेलच. ती थांबली तर मारू नकोस, पुढे जाऊन वाट बघून ये. मागून गुपचूप जाऊ नकोस, आधी हाक दे. सुकं गवत, स्वच्छ पाणी पुरे. लाडाने धान्य जास्त घातलंस तर तिचे पाय धरतील, चालता येणार नाही.

३. खोगीर आणि तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, हेही भाचीला. भावाला नाही. तंग आवळताना मास्तरीण पोट फुगवते. म्हणून एकदा आवळायचा, जरा चालवायची, श्वास सोडला की पुन्हा आवळायचा. भावाने घाईत एकदाच आवळला. ओझं फिरून पोटाखाली आलं, सिमेंटची पोती दरीत गेली, आणि नालायक ठरली ती.

४. जुनी घोडी. मास्तरीण तिच्या मागे चालतच हा चढ शिकली. घोडी मेली तेव्हा आम्ही दोघी वर होतो. खाली येईपर्यंत भावाने गाडी बोलावून तिला नेलंही होतं.
"वास सुटला असता, ताई."
आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही होतं: मेलेला सोबती जनावराला हुंगू द्यायचा. हुंगलं की ते समजतं. नाही दिलं तर वाट बघत राहतं. मास्तरीण फाटकाशी उभी राहून ओरडायची. तिने वैरण सोडली. अजूनही रस्त्याने घोडं गेलं की तिचे कान तिकडे वळतात.

५. म्हणून, मी परत आले नाही तर मला दवाखान्यातून परस्पर नेऊ नये. आधी फाटकाशी आणावं, खाली ठेवावं, तोंडावरचं कापड काढावं आणि मास्तरणीला मोकळी सोडावी. भाऊ म्हणेल, लोक हसतील. हसू देत. ती किती वेळ घेईल सांगता येत नाही. तिने स्वतःहून तोंड फिरवलं की मगच उचलावं. भुणभुण, तू तिच्या खांद्याशी उभी राहा.

६. छत्री भावाला. त्याच्याकडे नाही, आणि तो भिजला की खोकतो.

आज सकाळी मास्तरणीच्या पाठीवर नुसता हात ठेवला, तर तिने पोट फुगवलं. कामाला निघायचंय असं वाटलं असणार. मी तशीच उभी राहिले, तिने श्वास सोडेपर्यंत.

सही: भुणभुणची आत्या

साक्षीदार: शेजारची शिंपीण, कोपऱ्यावरचा किराणावाला. (भाऊ सही करायला पुढे आला होता. ज्याला मिळायचंय त्याला साक्षीदार होता येत नाही, असं वकिलांनी सांगितल्यावर तो बराच वेळ तबेल्यात जाऊन बसला.)

ठिकाण: तबेल्याकडे खिडकी असलेली खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस