तुम्ही बघितलं की हरतात

अण्णा, आज तुम्हाला लिहायला बसले आहे ते ब्रिटिश टेनिसबद्दल. हसू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की खरं तर याहून महत्त्वाचं कितीतरी सांगायचं साठलं आहे. घर घेतलं, केस पिकले, आईच्या मागे पुण्याचा फ्लॅट एकटीने आवरला. पण सकाळी चहा गाळताना आठवला तो इनडोअर टेनिस कोर्टामागचा हिरवा पडदा, आणि त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत ताठ बसलेले तुम्ही. एकटीच हसत सुटले आणि चहा गार झाला.

तुमची ती समजूत आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. अण्णांनी बघितलं की आपली बाजू हरते. क्रिकेटची मॅच रंगात आली की तुम्ही आपणहून उठून गॅलरीत जायचात आणि चकचकीत बुटांना पुन्हा पॉलिश करत बसायचात. आत आरडाओरडा झाला की तिथूनच विचारायचात, "चौकार की विकेट?" माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही न्हाव्याकडे जाऊन बसलात आणि गरज नसताना केस कापून आलात. आई तुमची थट्टा करता करता स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागली होती. या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे मात्र आपण दोघं कधी बोललो नाही. शाळेतली टेबल टेनिसची फायनल होती, मी चांगली पुढे होते. तुम्ही कचेरीतून थेट आलात, डब्याची पिशवी हातात, दारातच उभे राहिलात, आणि तिथून मी एकामागून एक पॉइंट घालवत गेले. पुढे कॉलेजकडून खेळले, कप आणले. ते कप तुम्ही दर रविवारी फडक्याने पुसायचात, पण सामना एकही पाहिला नाहीत. मैत्रिणींचे बाबा खुर्च्यांवर बसून भलत्याच वेळी टाळ्या वाजवायचे आणि मला त्या भलत्या टाळ्यांचासुद्धा हेवा वाटायचा. तुम्ही एकदा यावं, बसावं आणि सामना संपेपर्यंत हलू नये, एवढंच मला हवं होतं. ते मागायचं कसं, हे कळत नव्हतं.

मग तुम्ही इंग्लंडात, ब्रॅकनेलला माझ्याकडे आलात तो हिवाळा. आई गुडघ्यांमुळे आली नाही. मी दिवसभर ऑफिसात, तुम्ही माझ्या त्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. गावातले सगळे राउंडअबाउट, ते गोल चौक, पायी फिरून झाले, लायब्ररीतली वर्तमानपत्रं वाचून झाली, आणि चार वाजता अंधार पडला की तुम्ही खिडकीशी उभे राहून "आता काय?" असं विचारायचात. म्हणून ऑफिसातल्या एकाने जेव्हा सांगितलं की ट्रेनने तासाभरावर एका टेनिस सेंटरमध्ये आठवडाभर स्पर्धा आहे, छोटीच, पण खेळाडू सगळे प्रोफेशनल, तेव्हा मी लगेच अ‍ॅन्युअल लीव्ह टाकली. निघायच्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पोळीच्या गुंडाळ्या फॉइलमध्ये बांधताय आणि मी म्हणतेय, "अण्णा, तिथे कॅफे आहे हो." तुम्ही वर न बघता म्हणता, "असेल. पण त्यांच्या सँडविचमध्ये सँडविचच असतं नुसतं."

ते सेंटर म्हणजे केवढं तरी गोदाम, अण्णा. वर पांढरे दिवे, खाली निळं कोर्ट, बाजूला लाकडी बाकांच्या रांगा आणि त्यांवर मोजकी माणसं. वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे चेंडूचा आवाज असा यायचा की छातीत बसायचा. तुम्ही बसल्या बसल्या बाजू ठरवून टाकलीत. "आपण यांच्या देशात राहतोय, यांच्या गॅसवर आपला कुकर लागतो, तेव्हा आपण ब्रिटिशांच्या बाजूचे." झालं. तुमच्या डोळ्यांदेखत सकाळी एक ब्रिटिश हरला, दुपारी दुसरा हरला. दुसरा तर जिंकता जिंकता हरला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि मान खाली घालून म्हणालात, "मी यायला नको होतं." पुढच्या बाकावर एक बाई विणत बसल्या होत्या, जांभळी टोपी, मांडीवर चौकड्याची शाल, शेजारी फ्लास्क. हिवाळाभर त्या ब्रिटिश खेळाडूंच्या मागे गावोगाव फिरायच्या. त्यांनी वळून विचारलं, काय झालं. मी त्यांना तुमची समजूत इंग्रजीत सांगितली. सांगताना मलाच लाज वाटत होती. त्यांनी सुया थांबवल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "डिअर, तुम्ही यायच्या कितीतरी आधीपासून हे हरतायत. सगळं श्रेय एकट्याने घेऊ नका." मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत. घरी आल्यावर आईला फोन लावला तर ती माझ्यावरच उखडली, "त्यांना आत कशाला बसवलंस? पोरं हरणारच ना मग!"

दुसऱ्या दिवशी ब्रिटिशांपैकी एकच उरला होता. तो उंच, मोठ्या कानांचा पोरगा, ज्याला आयोजकांनी आपल्या मर्जीने स्पर्धेत घेतलं होतं. तुम्ही त्याचं नाव कानोबा ठेवलंत. कानोबाची मॅच सुरू व्हायच्या आत तुम्ही उठलात आणि हिरव्या पडद्यामागच्या कॉरिडॉरमध्ये, चॉकलेटच्या मशीनशेजारी, कोर्टाकडे पाठ करून बसलात. मी चिडले. "एवढ्या लांब येऊन तुम्ही भिंत बघणार?" तुम्ही म्हणालात, "मी ऐकतो. तू बघ." आणि खरंच ऐकत होतात. मी मधल्या वेळात स्कोअर सांगायला यायचे तर तुम्हीच मला सांगायचात, "आत्ता नेटला लागला ना? आपल्याच पोराचा. त्याचा बॅकहँड जरा फुसका वाजतो." कानोबा जिंकला. पुढच्या दिवशीही तुम्ही तिथेच, आणि तो पुन्हा जिंकला. विणणाऱ्या बाई पडद्यामागे आल्या, तुमच्या हातात शॉर्टब्रेड बिस्किटांचा पुडा ठेवला आणि म्हणाल्या, "ब्रिटिश टेनिसच्या सेवेबद्दल." या वेळी मात्र तुम्ही हसलात. उभं राहून, मान तुकवून तो पुडा घेतलात, आणि बदल्यात त्यांना लोणच्याची पोळी दिलीत. त्यांनी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

क्वार्टर फायनलच्या दिवशी तुमच्या खुर्चीवर आधीच कुणीतरी बसलेलं. माझ्या डोळ्यांपुढे तो कॉरिडॉर अजून तसाच आहे. साठीच्या आतला एक गृहस्थ, हातात कागदी कप, तोही कोर्टाकडे पाठ करून. कान बघितल्यावर तो कोण हे विचारायची गरजच उरली नाही. तुम्ही तरीही विचारलंत, "युवर सन?" तो म्हणाला, हो. आणि मग शरमून सांगायला लागला की मी आत बसलो की तो डबल फॉल्ट करतो, दोन्ही सर्व्हिस घालवतो, लहानपणापासून असंच, म्हणून मी त्याला पहाटे उठून सगळ्या स्पर्धांना गाडीने नेतो पण मॅच बघत नाही. पडद्यापलीकडे पहिला सेट कानोबाने जिंकला, दुसरा घालवला. तिसरा सुरू झाला आणि पंच म्हणाला, "डबल फॉल्ट." त्या माणसाने डोळे मिटले. तेव्हा तुम्ही आपल्या त्या कचेरीतल्या खणखणीत इंग्रजीत म्हणालात, "सर, यू आर हिअर. यू डिड नॉट सी. स्टिल डबल फॉल्ट. दॅट इज हिज डबल फॉल्ट, सर. नॉट युवर्स." बोलून झालं आणि तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. अण्णा, तुमचा चेहरा इतका उघडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी मशीनमध्ये नाणं टाकून नको असलेलं चॉकलेट घेतलं.

"कम," तुम्ही त्याला म्हणालात, "वी बोथ गो." आत जायला मधली विश्रांती होईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात तो दोनदा मागे फिरला आणि दोनदा तुम्ही त्याच्या कोटाची बाही धरलीत. मग तुम्ही दोघं पहिल्या बाकावर शेजारी शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. कानोबाने वर बघितलं, बापाला बघितलं आणि लगेच एक सर्व्हिस जाळीत मारली. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "नो प्रॉब्लेम!" पंचाने तुमच्याकडे रागाने पाहिलं. आणि मग तो पोरगा जे काही खेळला! शेवटचा फोरहँड रेषेवर पडला तेव्हा त्याचा बाप उठायचं विसरला आणि तुम्ही मात्र उभे राहून ओरडत होतात, "शाब्बास रे कानोबा! शाब्बास!" आयुष्यात ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नाही, तो माझा बाप एका इंग्रज पोरासाठी घसा फाडत होता. विणणाऱ्या बाईंचा लोकरीचा गुंडा पार कोर्टाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि बॉलबॉयने तो आणून दिला. त्या दिवसासारखा आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

दुसऱ्या दिवशी सेमी फायनलला तुम्ही पहिल्यापासून पहिल्या बाकावर, आणि कानोबा सपाटून हरला. मी धास्तावून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पोळीचं फॉइल नीट घडी घालून खिशात ठेवत होतात. म्हणालात, "माझ्यामुळे नाही हं. बॅकहँडमुळे." परतीच्या ट्रेनमध्ये अगदी सहज विचारलंत, "तुमची ती ऑफिसची लीग असते ना, टेबल टेनिसची? पुढची मॅच कधी आहे?"

ती मॅच गुरुवारी संध्याकाळी होती, लेझर सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडा केंद्राच्या, वरच्या मजल्यावर. बघायला कोणी येतच नाही तिथे. तुम्ही फोल्डिंगची खुर्ची ओढून भिंतीला लावलीत आणि कोट न काढता बसलात. मी आधी इतकी बावचळले की पहिले दोन गेम कुठे गेले कळलं नाही. मग हात बसला, दोन्हीकडे दोन-दोन गेम झाले आणि पाचव्यात आम्ही बरोबरीने सरकत राहिलो. तुम्ही भलत्याच वेळी टाळ्या वाजवत होतात, माझी सर्व्हिस समोरच्या बाईने परतवली तरी वाजवत होतात. मी हरले. दोन पॉइंटनी हरले. घरी येऊन तुम्ही कोट काढायच्या आत आईला फोन लावलात. तिने काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण तुम्ही म्हणालात, "हरली. पण मी सगळं बघितलं." आणि मग तिला एकेक पॉइंट सांगत बसलात, निम्मे चुकीचे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, तेव्हा एक सांगून टाकते. तुमच्या त्या समजुतीवरून मी जन्मभर तुम्हाला चिडवलं, तुमच्याशी भांडले. पण त्या गुरुवारी शेवटच्या पॉइंटला, हातात बॉल घेऊन उभी असताना, मी मनातल्या मनात गयावया करत होते, अण्णा, एवढ्या एका पॉइंटपुरते डोळे मिटा. वर बघितलं तर तुम्ही डोळे ताणून माझ्याकडे बघत होतात. मिटले नाहीत, ते किती बरं केलंत.