तीन ते चार, दार उघडं

४ जुलै, सोमवार
शाळेत समुपदेशक म्हणून पहिला दिवस. खोली जिन्याखालची, पण पाटी माझी: ‘तीन ते चार. मनमोकळं बोला.’ घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, पोरगी मनाची डॉक्टर झाली. दुरुस्त केलं नाही.
संकल्प: एकाही मुलाला एकटं पडू द्यायचं नाही.

८ जुलै
कुणी आलं नाही. मुलं लाजतात.

१२ जुलै
आली! नववीतली, हातात बॅडमिंटनची रॅकेट. सगळे तिला ‘शटल’ म्हणतात. घरी आईवडिलांची रोज भांडणं. मी ‘ताण’ या विषयावर तासभर बोलले. एकदाही उठली नाही. काय एकाग्रता!
मध्येच म्हणाली, खेळाचे सर फार ओरडतात. हसत म्हणाली, पण हसण्यामागचं मला कळतं.

१५ जुलै
सरांना मैदानावर पाहिलं. ‘ए झोपाळू, पाय हलव, पाय!’ भयंकर. तिला सांगितलं, ओरडणारी माणसं आयुष्यातून वजा करायची. ती म्हणाली, पण ताई, घरी भांडण चालू असलं की ते मैदानावर थांबतात माझ्याबरोबर. मी ठाम राहिले.

१९ जुलै
खेळ सोडला तिनं! पहिली केस फत्ते. आई म्हणाली, पोरीचं ऐकतेस, की तुझंच ऐकवतेस? आईला यातलं शास्त्र कळत नाही.

२६ जुलै
खूप शांत झाली आहे. येते, टेबलावर डोकं टेकते. डबा तसाच परत नेते. माझ्या खोलीत तिला विसावा मिळतो.

२९ जुलै
रॅकेट मला देऊन टाकली! म्हणाली, आता नाही लागणार. कानातले धाकट्या बहिणीला, रंगपेटी मैत्रिणीला. या वयात किती निर्मोही! डोळे भरून आले. माझे. रॅकेटला रिबन बांधून दाराआड टांगली.

३० जुलै, शनिवार
जाताना विचारलं, ताई, उद्या असता का? उद्या रविवार. मर्यादा पाळाव्या लागतात. म्हटलं, सोमवारी ये, तीनला. बरं म्हणाली. दारात उगाच उभी राहिली थोडा वेळ.
संकल्प: तिच्यावर लेख लिहायचा.

१ ऑगस्ट
तीन वाजले. चार वाजले. आली नाही.
मग सर आले. ओरडले नाहीत. म्हणाले, काल तिनं फोन केला, नुसती रडत होती. धावत गेलो. वेळेत पोचलो म्हणून वाचली. दवाखान्यात आहे. रॅकेट मागतेय, तुमच्याकडे आहे म्हणाली.
दिली. त्यांनी रिबन सोडवून टेबलावर ठेवली.
म्हटलं, मीही येते भेटायला.
म्हणाले, थांबा. तिला विचारून सांगतो.
साडेपाच झाले. दार उघडंच ठेवलं आहे.