रेकॉर्ड उलटवायची पाळी तुमची

मंगळवार, ९ फेब्रुवारी
दुपारचे तीन

प्रिय भावजी,

नमस्कार. अक्षर ओळखलंत की नाही कोण जाणे. नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही, आणि त्याआधी लिहायची गरजच नव्हती. दर रविवारी चारच्या ठोक्याला तुम्ही दारात उभे असायचात. गुडघा कसा आहे? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबात जन्मभर जिनेच, हे तुमचं गाऱ्हाणं मला अजून आठवतं. आता निवृत्त झाला असाल. पत्ता जुनाच आहे असं तुमच्या कंपनीतल्या बाईंनी सांगितलं.

इकडे ठीक म्हणायचं. शेजारच्या बाईंनी मांजर पाळलं आहे. ते राहतं आमच्याकडे आणि जेवायला तेवढं तिकडे जातं. मला टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कानांना अजून ते पटलेलं नाही. घर शांत असलं की मध्येच कुणीतरी "हॅलो, हॅलो" करतंय असं वाटतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बदलून घेतली. अगदीच फुटली होती.

बघा, आधी सांगायचं ते मागेच राहिलं. हे, तुमचे दोस्त, गेले. चौदा ऑक्टोबरला, हॉस्पिटलमध्ये, सकाळी सव्वासहाला. हृदयच. दुसऱ्या खेपेला त्याने ऐकलं नाही. तुम्हाला मी कळवलं नाही. का, ते लिहायलाच बसले आहे, पण मला जरा वळसा घालून येऊ द्या. सरळ आले तर वाटेतूनच परत फिरेन.

यांची खोली आवरायला काढली. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाच्या खोलीत दुसरं काय असणार? खणाखणांत कागदात गुंडाळलेल्या काचा, प्रत्येकीवर नंबर, आणि न्यायला न आलेल्या गिऱ्हाइकांना दिलेल्या शिव्या पेन्सिलने बारीक अक्षरात. मी एकटीच वाचून हसले. आणि खिडकीखाली ती तुमची रेकॉर्ड, तुम्ही दोघं रविवारी लावायचात ती, नावाड्याची. पुठ्ठा उघडला की दोन्ही पानांवर मिळून एकच नदी आणि माणूस एकही नाही.

त्या रेकॉर्डला मी काय काय नावं ठेवली, ते तुम्ही विसरला नसाल. एक गाणं धड संपत नाही तोवर दुसऱ्याने घुसायचं. मध्येच दहा-दहा मिनिटं कुणी गायचंच नाही. ठेका तर लंगडाच. आठवडाभर शेकडो लोकांचे आवाज कानात कोंबून घ्यायचे आणि हक्काच्या रविवारी बंद दाराआडून हा धिंगाणा ऐकायचा! तुम्ही एकदा टेबलावर बोटं वाजवून मला समजावत होतात. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन. मी म्हटलं होतं, "हा एक पायरी कमी असलेला जिना आहे." त्यावर तुम्ही केवढे खूश झालात. म्हणालात, "वहिनी, अहो, तेच तर! त्याचा एक हात दमलाय. वल्हं एका बाजूला कमी पडतंय." मी भांडी आवरायला निघून गेले होते.

मागच्या महिन्यात ती मी पहिल्यांदा बसून ऐकली. पहिली बाजू. शब्द आतल्या कागदावर छापलेले आहेत, मांडीवर इंग्रजी शब्दकोश घेऊन बसले. मला एवढंच माहीत होतं की कुणी नावाडी आहे. पुलाच्या खांबांचे दगड तोच आपल्या नावेतून वाहून नेतो, हे मला कुठे माहीत होतं? स्वतःच्या पोटावर पाय देणारा पूल, आणि हा दगड नीट लावून घ्या म्हणून सांगतोय. मग पूल होतो, गर्दी वरून जाते. ते जे बासरीसारखं वाजतं आणि बासरी नसतं (फिती लावलेलं यंत्र आहे ना ते, तुम्ही सांगितलं होतं), ते सुरू झालं आणि मला दम लागल्यासारखं झालं. सुरुवातीचे चार स्वर तिथे परत येतात, पण इतके सावकाश की ओळखीचं माणूस आजारातून उठून आल्यासारखे. खरं सांगते भावजी, मी रडले. ठेका लंगडा नाही. दमलेला आहे. तुम्ही सांगत होतात तेच, पण तेव्हा मला ऐकायचं नव्हतं.

आणि शेवटी ती घंटा. पलीकडच्या काठावर नावाड्याला बोलवायची घंटा टांगलेली असते. पूल झाल्यापासून ती कुणी वाजवलेली नाही. ती तीनदा वाजते आणि बाजू संपते. कुणी वाजवली ते मला माहीत नाही. पुढचं कागदावर वाचता आलं असतं, पण वाचलं नाही.

दुसरी बाजू लावणार होते. पण पहिलीच इतकी खरखरत होती की धूळ बसली असेल म्हणून रेकॉर्ड जुन्या रेकॉर्डवाल्याकडे साफ करायला नेली. त्याने ती दिव्याखाली धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "बाई, ही बाजू पार पांढरी पडलीय. ती बघा, काळी कुळकुळीत. हिच्यावर दुपटीने सुई फिरलीय. असं कोण ऐकतं?"

कोण ऐकतं ते मला माहीत होतं. मी भिंतीपलीकडेच असायची की.

तुम्ही यायचे बंद झालात तरी हे दर रविवारी चारला दार लावून घ्यायचे. वीस-बावीस मिनिटांनी सुई उचलल्याचा आवाज यायचा आणि मग काही नाही. मला वाटायचं, डुलकी लागली असेल. बरं झालं, कटकट निम्म्यावर आली. चहाला मात्र बाहेर यायचे ते बरोब्बर पावणेपाचला, तुम्ही दोघं यायचात तसेच. परवा मी लेबल वाचलं. पहिली बाजू बावीस मिनिटं, दुसरी तेवीस. बेरीज केली, पंचेचाळीस मिनिटं भरली. "लावायची मी, उलटवायची पाळी त्याची," असं हे म्हणायचे. मला तो तुमचा पोरकटपणा वाटायचा. नऊ वर्षं ते ती घंटा ऐकून गप्प बसत होते भावजी, तेवीस-तेवीस मिनिटं, रेकॉर्ड न उलटवता.

आता वळसा संपला.

पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर आराम, गोंगाट नको, भेटायला कुणी नको. हे खरं. तुम्हाला मी तसंच सांगितलं, तेही खरं. पाचव्या रविवारी तुम्ही संत्री घेऊन आलात तेव्हा डॉक्टरांचा महिना संपला होता. तेव्हा मी दारातच म्हटलं, "भावजी, वाईट वाटून घेऊ नका. यांनाच आता ते नको झालंय. तुम्हाला तोंडावर सांगवत नाही, म्हणून मला सांगायला लावलं." यातला शब्दही यांचा नव्हता. तुम्ही पिशवी दाराच्या कडीला अडकवलीत आणि जिन्याने उतरलात. लिफ्ट चालू होती तरी.

आतून यांनी विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "शेजारचे. संत्री दिलीत." ती यांनी खाल्ली. गोड आहेत म्हणाले.

पुढे तुमचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हटलं, "झोपलेत." हे स्वतः फोन करतील याची मला धास्ती होती. पण तुम्ही दोघं मानी, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. "त्याला वाटेल तेव्हा येईल," म्हणायचे. काही रविवार दाराकडे कान असायचा, मग विचारायचेही थांबले. तेव्हा मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

का केलं? हेवा. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. माझ्याशी हे दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन काचांच्या नंबरांबद्दल. आणि त्या खोलीत तुमच्याशी खदखदून हसायचे. तुम्ही गेलात की ते हसू माझ्या वाट्याला येईल असं वाटलं होतं. नाही आलं. घरातूनच गेलं.

अजून एक राहिलं आहे. ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं फुकट आहे.

तेरा ऑक्टोबरला दुपारी हॉस्पिटलमध्ये यांना चांगली शुद्ध होती. म्हणाले, "त्याला फोन कर." नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. मी उठून व्हरांड्यात गेले. तिथे फोन होता. तुमचा नंबर मला पाठ होता, सगळेच नंबर पाठ असतात मला. पण तुम्ही आला असतात तर पाच मिनिटांत माझं सगळं उघडं पडलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "तूच नको म्हणालास ना?" आणि यांनी माझ्याकडे बघितलं असतं. ते बघणं मला नको होतं. मी फोनला हात न लावता परत आले आणि म्हटलं, "लागत नाही."

"पुन्हा लावून बघ," म्हणाले.

मी पुन्हा जाऊन उभी राहिले आणि परत आले. "नाही लागत."

तेव्हा ते माझ्याकडे बघून थोडेसे हसले. म्हणाले, "तुलासुद्धा नाही लागत?"

तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले. जन्मलेल्यांचे, मेलेल्यांचे, भांडलेल्यांचे. यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही भले माणूस, द्याल, आणि मग माझ्या हातात काय उरेल? रेकॉर्ड पाठवून द्यावी म्हणून गुंडाळली होती, ती परत सोडली. ती यांच्या खोलीतच वाजायला हवी. रविवारी चारला मी पहिली बाजू लावणार आहे. घंटा वाजली की सुई उचलून ठेवीन आणि तेवीस मिनिटं बसेन. यापुढच्या प्रत्येक रविवारी. उलटवणार नाही, ती पाळी माझी नाही. दार नुसतं लोटलेलं असेल. लिफ्ट चालू आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. तुम्ही आलात तर मी स्वयंपाकघरात बसेन, समोर येणार नाही. आणि नाही आलात तर तेही बरोबरच आहे.

खाली "तुमची वहिनी" असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. ती हाक तुम्ही मारायची होती. ती मी त्या दिवशी दारात घालवली.

तुमचा नंबर पाठ असलेली,
आणि तो न लावलेली