अकराव्या घाण्याची चव

३ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचा! नवी वही, नवी जागा, नवी दारू; माणसाला आणखी काय हवं? निघताना बायको म्हणाली, तुमची जीभ सोडून बाकी सगळं कामातून गेलंय, तेव्हा तेवढी सांभाळून आणा. खोटं नाही. चोवीस वर्षं मी या जिभेवर पोट भरतोय. कंपनी मला लहान लहान व्हिस्कीच्या भट्ट्यांवर पाठवते. तिथली कोरी दारू मी चाखतो, म्हणजे भट्टीतून नुकती उतरलेली, पिंपात एक दिवसही न मुरलेली, पाण्यासारखी स्वच्छ. मी हो म्हटलं की आमची पिंपं भरायला लागतात. पिंपाचं लाकूड पुढे सतरा दोष झाकतं, पण कोऱ्या दारूला काहीच लपवता येत नाही. म्हणून ती मला आवडते.

ही तीन भावांची भट्टी. सध्या दोघेच आहेत. थोरला पन्नाशीचा, थंड डोक्याचा, हात चांगले फावड्याएवढे. धाकटा तिशीचा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मधला दीड महिन्यापूर्वी घर सोडून गेला म्हणे. त्याची बायको घर सांभाळते. तिला मीही पहिल्या चहापासून वहिनी म्हणू लागलो. भट्टीवर एक म्हातारा कामगार आहे, त्याला सगळे काका म्हणतात. अखंड तपकीर ओढतो आणि दर वेळी शिंकतो.

माझी खोली भट्टीच्या शेडला लागून आहे. तांब्याच्या हंड्याची ऊब भिंतीतून आत येते. गादी मऊ, सूप गरम. महिनाभर मजा आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

जीभ सकाळी अकराला सर्वांत तल्लख असते, म्हणून आम्ही अकरालाच बसतो. चाखायची खोली छान आहे. पांढऱ्या फरश्या, गज लावलेली एक खिडकी, लांब टेबल, थुंकायला बादली. टेबलावर अकरा घाण्यांच्या बाटल्या मांडल्या होत्या; हंडा एकदा लावून जेवढी दारू उतरते तो एक घाणा. वहिनींनी विचारलं, पहिल्या धारेची कुठली? मला हसू आलं. लोक पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देतात, आणि आमच्या धंद्यात पहिली धार ओतून देतात, कारण ती विष असते. मधली ठेवायची. शेवटची टाकायची नाही, पुढच्या घाण्यात परत घालायची. त्यामुळे दर घाण्यात मागच्याचं थोडं काहीतरी उरतंच.

पहिल्या दहा बाटल्या सभ्य आणि बेचव. नाशपाती, ओलं गवत, साबण. कंटाळा आला होता.

अकरावी जिभेवर ठेवली आणि मी उभाच राहिलो. लोखंड, खरपूस मांस, लवंग, जुनं चामडं, आणि तळाशी एक खारट ऊब. आमच्याकडे कोऱ्या दारूला मांसल म्हणणं ही फार मोठी शाबासकी आहे. मी ती चोवीस वर्षांत तीनदा दिली असेल. मी टेबलावर हात आपटून म्हणालो की अशीच पुन्हा काढा, वर्षभराचा सगळा माल आमचा. या घाण्यात वेगळं काय केलंत ते विचारलं. थोरला म्हणाला, काहीच नाही. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. काका बादली उचलून बाहेर गेले, ती अजून भरली नव्हती तरी. कौतुकाची सवय नसावी बिचाऱ्यांना.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

गारठा वाढला. वहिनींनी नवऱ्याचा कोट आणून दिला. जाताना कोटसुद्धा नेला नाही, इतकी कसली घाई होती मेल्याला, असं म्हणाल्या आणि मग डोळे पुसले. अजून रोज त्याचं ताट मांडतात. राग उतरला की येईल, असं त्यांना वाटतं. कोट मला दंडात घट्ट होईलसं दिसतं, पण त्यांचं मन मोडवेना. खुंटीला लावून ठेवला.

दुपारी जेवताना एक प्रकार घडला. काका मान खाली घालून म्हणाले की अकरावा पुन्हा काढायचा नाही, हात जोडतो. धाकट्यानं सुपाचा जड डाव उचलला आणि काकांच्या तोंडावर मारला. एकदाच, पण असा की पुढचा दात माझ्या बशीशेजारी येऊन पडला. वहिनी ओरडल्या. काका रक्त गिळत बसून राहिले. थोरल्यानं मला मीठ मागितलं.

मी दिलं. लाज वाटते, पण दिलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

बारावा घाणा चाखला. अकराव्याची नुसती सावली आहे, तीही शेवटच्या धारेतून आलेली. मी तसं सांगितलं तेव्हा दोघे भाऊ ज्योतिषाकडे बघावं तसे माझ्याकडे बघू लागले. पुढच्या घाण्यात ही सावलीही जाईल, असं मी म्हणालो. थोरल्यानं हळूच विचारलं, मग टिकवायचं कसं? मी म्हणालो, सोपं आहे, तेव्हा जे घातलं होतंत तेच पुन्हा घाला! माझ्या विनोदाला मी एकटाच हसलो.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी खिडकीतून पाहिलं. थोरल्यानं अंगणात मेंढी धरली होती. पिंपाची झाकणं ठोकायची लाकडी मोगरी धाकट्याच्या हातात. पहिल्या घावात मेंढी गुडघ्यावर आली, दुसऱ्यात मेली. त्यानंतरही तो मारतच राहिला. डोकं कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते कळेना, तेव्हा थोरल्यानं त्याच्या हातातून मोगरी काढून घेतली. मेंढी ओढत शेडमध्ये नेली.

मी आपला मटणाची वाट बघत बसलो. दोन्ही वेळा बटाटे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

तेरावा. चरबी, ओली लोकर, थोडं लोखंड. दिशा बरोबर, पण ढोबळ. वातावरण हलकं करायला मी म्हणालो, हिच्यात मेंढी आहे, माणूस नाही! आमच्या धंद्यात असं बोलतात, दारूला स्वभाव हवा या अर्थी.

धाकट्यानं खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

काका आज दिसले नाहीत. सायकल भिंतीला टेकलेली आहे, टोपी तिच्या दांडीवर.

सकाळी शेडमधून ठोकल्याचे आवाज येत होते. पिंपाची झाकणं बसवत असतील म्हणून मी दाढी करता करता मोजले. सहा. पहिल्या तिन्हींच्या मध्ये माणसाचा आवाज होता. नंतरच्या तिन्हींत नव्हता.

थोरला शेडची फरशी नळीनं धूत होता. दाराखालून येणारा फेस गुलाबी होता. काका बहिणीकडे गेलेत, असं त्यानं मी न विचारताच सांगितलं. सायकल टाकून? टोपी टाकून? पण मी मान डोलावली. दुधाचे दात न पडलेलं पोरही फसलं नसतं, आणि मी घोडा फसलो, कारण मला फसायचं होतं. कंपनीला फोन लावला. लागत नाही. तार छतापाशी तुटलीय.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

चौदावा.

तोच होता. तीच खारट ऊब, तेच लोखंड. फक्त कोरडा, कडवट, आणि शेवटी नाकात झिणझिणी. तोंडातून शब्द निघून गेले, नेहमीसारखे, विचार न करता. म्हणालो की माल तोच आहे पण जून आहे, अकराव्यात तरुणपणा होता. धाकट्यानं लिहून घेतलं. मग मला शिंक आली.

तपकीर.

खोलीत आलो तर दात वाजत होते. हाताला लागला तो कोट अंगावर ओढला. कॉलर नाकाशी आली. लवंग. जुनं चामडं. घामाची खारट ऊब. अकरावी बाटली, अगदी ओळीनं, एकही वास कमी नाही. नवरा दाढदुखीनं सतत लवंग चघळायचा का, असं मी जिन्यावर वहिनींना विचारलं. त्या हसल्या, तुम्हाला कसं कळलं म्हणाल्या.

ओकलो. पोटात काही न उरेपर्यंत ओकलो. आणि मग जे झालं ते लिहायलाच हवं. अकराव्या बाटलीची आठवण आली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

२६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी शेडमध्ये गेलो. हंड्याखालच्या गाळणीत दोन दात आणि शर्टाचं बटण. मागे थोरला उभा होता. रागावला नाही. बसा म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं, पिठाचा भाव सांगावा तसं. मधल्याला भट्टी विकायची होती. भांडण झालं, धाकट्यानं मोगरी घातली, मधला आंबवणाच्या टाकीत पडला. बाहेर वहिनी कपडे वाळत घालत होती. टाकी रिकामी कशी करणार? म्हणून तसाच घाणा लावला. काकांनी पाहिलं, पण ते मिठाला जागले. बाटली फोडून टाकायची होती, चुकून टेबलावर गेली. तुम्ही उभे राहिलात, म्हणाला. आमच्या बापाच्या काळापासून या भट्टीसाठी कुणी उभं राहिलं नव्हतं.

मग म्हणाला, तुम्हीच म्हणालात जून माल नको. आणि अंगणापलीकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी कांदा चिरत होती. शनिवारी घाणा लावू म्हणाला. माझ्या गाडीची किल्ली त्यानं शेडमधल्या खिळ्याला अडकवली आहे. दोघांपैकी एक तिथे असतोच.

चौदावा चांगला म्हटलं तर हीच रीत कायमची. वाईट म्हटलं तर वहिनी. दोन्हीकडून माझाच शब्द मारतो. काकांनाही मीच मारलं. मोगरी भावांची, पण जीभ माझी.

दुपारी

वहिनीला सांगितलं. वेडा म्हणेल वाटलं होतं. तिनं कॉलर हुंगली. मग अकराव्याचे चार थेंब तळहातावर चोळून हुंगले. किती तरी वेळ हात नाकापासून काढला नाही. रडली नाही. सुरी उचलून एवढंच विचारलं की दोघांतल्या कुणी मारलं.

हात धरला मी तिचा. दोघांना एकदम मारणं जमणार नाही. तिला गाडी चालवता येते. फाटक लाकडी आहे, तुटेल म्हणाली. फक्त दोघे पाच मिनिटं शेडबाहेर हवेत.

२७ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी

दोघांना निरोप पाठवला. अकराला या, शेवटचा निकाल देतो, दोघांसमोरच देणार. येतील. माझ्या निकालासाठी ते नरकातूनही येतील.

हंडा घासायचा कॉस्टिक सोडा पेल्यात कालवून ठेवलाय. पाण्यासारखाच दिसतो. जीभ आहे तोवर ते काढत राहतील आणि मी, मी चाखत राहीन — मला माझी खात्री नाही. बायकोला सांगा, ती म्हणाली होती तेवढं जमलं नाही.

अकरा वाजून —

घेतला. तोंडात धरला. त्यांच्यासमोर. आग — लिहिता येत नाही — जिभेची साल बादलीत पडली. उरलेला धाकट्याच्या डोळ्यांत. तो गुरासारखा ओरडतोय. थोरल्यानं त्याला नळावर नेला. मी कडी घातली.

खिडकीतून दिसतं. वहिनी शेडमध्ये शिरली.

थोरला परत आला. मोगरी. दारावर.

थांबला. शेडकडे कान देतोय — नाही, नाही — मी बाटली फोडली भिंतीवर. चौदावी. परत दाराशी आला. तो वळला की मी एक फोडतो. ओरडतोय, माझा माल, माझा माल.

सात उरल्या.

किल्ली मिळाली तिला. गाडीत बसली. लागत नाही. घरघर. लागत नाही —

दाराची वरची फळी गेली. हात आत आला. पेन खुपसलं त्यात. पुन्हा त्याच पेनानं लिहितोय, रक्त —

तोंडात रक्त आहे. चव नाही. काही चव नाही. किती बरं —

तीन उरल्या.

फोडली.

वहिनी, लाव ना गं —

लागली! लागली. फाटक — फळ्या उडाल्या. गेली ती. वळणावरून गेली, धूळ दिसते —

कडी निखळली. तो धुळीकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघतोय, दंड, पोट, पायांपर्यंत, वजन करावं तसं. म्हणतोय की आता जिभेचं काही —