वीस कांचन आणि एक आपटा

प्रिय राधाकृष्ण,

तू, मी आणि माळावर शेळ्या चारणारी छबूबाई, आपली तक्रार एकच आहे: तिसगावच्या या माळावर टेकायला सावली उरली नाही. चार वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणात मी हेच गरजून सांगितलं. दसऱ्याच्या सोन्यासाठी आपण आपटा ओरबाडतो, शेंगा पिकण्याआधीच फांद्या तोडतो. मग बी पडणार कुठून? इथवर माझं बरोबर होतं. पण फांदी तोडायचा मान तुमच्या घराचा, म्हणून भर सभेत मी तुमच्या कोयत्याला खुनी म्हणालो. आमच्या घरी दसऱ्याला सोनं वाटत नाहीत, तरी तुझी आई राहीबाई दरवर्षी माझ्या हातात पान ठेवायची. त्या घराला मी असं बोललो! तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

त्याच दिवशी मी वीस आपटे लावले. छबूबाईनं पान चोळलं. "मास्तर, ह्यो आपटा न्हाई, कांचन हाय." मी पुस्तकातलं चित्र तिच्यापुढं धरलं. ती म्हणाली, "पुस्तकानं शेळ्या चारल्यात का कधी?"

या महिन्यात विसाच्या वीस झाडांना गुलाबी फुलं आली. आपट्याचं फूल फिकट पिवळसर, तेही उन्हाळ्यात. सगळं गाव हसलं. छबूबाई एवढंच म्हणाली, "लई झ्याक दिसत्यात, मास्तर."

मग मी तिच्यामागं हिंडून शिकलो. दोघांची पानं जोडपानंच, भाऊबंदच ते. पण कांचनाचं पान मोठं, आपट्याचं लहान, जाड, खरबरीत. कांचन बागेत, रस्त्याकडेला हौसेनं लावतात. त्याची काळजी नाही. आपटाही देशभराच्या हिशेबात धोक्यात नाही म्हणे. आपल्या माळावर मात्र तुझ्या बांधावरचा एकच उरलाय. देशभराचा हिशेब आपल्याला सावली देत नाही.

तरी मी खचलेलो नाही. गेल्या दसऱ्याला कोयता पोचला नाही अशा शेंड्यावरच्या शेंगा छबूबाईनं थंडीत वेचल्या, बिया गरम पाण्यात भिजवून लावल्या. तिच्या दारात तीन रोपं वीतभर झालीत. खरे आपटे!

म्हणून हे पत्र. भर सभेत बोललो, माफीही भर सभेत मागेन. तुमचा मान तुमच्याकडेच राहू दे. फांद्या माझ्या कांचनांच्या तोड, गावाला तीच पानं वाट. फक्त या दसऱ्याला, राधाकृष्ण, बांधावरच्या आपट्याला कोयता लावू नकोस.

तुझाच,
महेंद्र